परिपत्रक निघालं, पण पाळलं कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



चौतीस वर्षं मी कारखान्यांच्या संगणक विभागात काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं माझं काम इतकं विचित्र होतं, की घरच्यांनाही ते धड सांगता येत नसे. निवृत्त झाल्यावर एकदा शेजारच्या काकूंनी विचारलंच, "तुम्ही ऑफिसात नेमकं करत काय होता?" मी म्हटलं, "कंपनीच्या सर्व्हरची सेटिंग्ज ठरल्याप्रमाणे आहेत की नाहीत, ते बघायचो." काकू म्हणाल्या, "एकदा ठरवून लावली, की ती बदलतात कशी?"

मोठमोठ्या अधिकाऱ्यांना समजावताना माझी दमछाक झाली, तो प्रश्न काकूंनी भाजी निवडता निवडता विचारला. आजचं बोलणं त्याच प्रश्नाबद्दल आहे.

सर्व्हर हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक आहे. बँकेत खिडकीपाशी पोचायला आणि आतून "सर्व्हर डाऊन आहे" असं ऐकू यायला एकच गाठ पडते. सर्व्हर म्हणजे संगणकच. फरक इतकाच, की त्याच्यासमोर कोणी बसलेलं नसतं. एका थंड खोलीत, कपाटात रचून ठेवलेला, तो दुसऱ्या शेकडो संगणकांची कामं उरकत असतो. पगार, मालाचा साठा, बिलं, हजेरी, ईमेल. मध्यम आकाराच्या कारखान्यातही असे दोनतीनशे सर्व्हर सहज निघतात.

या प्रत्येकात शेकडो सेटिंग्ज असतात. आत कोणी यायचं, पासवर्ड किती अक्षरांचा, बाहेरून येणारे कोणते रस्ते उघडे, कोणते बंद, घड्याळ कुठून मिळवायचं, कोण आलं-गेलं याची नोंद किती दिवस ठेवायची. ही सेटिंग्ज कशी असावीत याच्या याद्या तयार मिळतात. अमेरिकेतली 'सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी' नावाची ना-नफा संस्था त्या प्रसिद्ध करते. एकट्या विंडोज सर्व्हरसाठी त्यात शेकडो कलमं आहेत. पासवर्ड किमान १४ अक्षरांचा हवा, हे त्यातलंच एक. कंपन्या ती यादी घेतात, आपल्याला पेलेल तेवढी ठेवतात, आणि तिला आपलं मानक म्हणतात. नवा सर्व्हर आला, की मानकाप्रमाणे लावून द्यायचा. इथपर्यंत सगळं छान असतं.

मग एके रात्री दोन वाजता पगाराचं काम अडकतं. सकाळी बँकेला फाइल गेली नाही तर दोन हजार माणसांचा पगार लांबणार. रात्रपाळीचा इंजिनिअर बिचारा एकटा. तो एक बंद रस्ता उघडतो, कुणाला तरी जास्तीचे अधिकार देतो, काम सुटतं. "सकाळी पूर्ववत करतो," असं मनाशी म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. सकाळी दुसरंच काही पेटलेलं असतं. तो रस्ता उघडा राहतो. महिना, वर्ष, तीन वर्षं. यात कोणी चोर नाही, कोणी आळशीही नाही. आमच्या धंद्यात याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. नांगर न टाकलेली होडी कशी कोणी ढकलल्याशिवाय बाजूला सरकत जाते, तसं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

आता तुम्ही म्हणाल, तीनशेतला एखादा सर्व्हर इकडेतिकडे झाला तर एवढं काय बिघडलं? अमेरिकेत एका कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एक वेगळा राहिला होता, त्याची गोष्ट सांगतो.

नाइट कॅपिटल ही न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली बडी दलाल कंपनी. १ ऑगस्ट २०१२ पासून बाजारात एक नवी योजना सुरू व्हायची होती. त्यासाठी आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम बसवायचा होता. काम करणाऱ्या तंत्रज्ञाने तो सात सर्व्हरवर बसवला. आठव्यावर राहून गेला. कामावर दुसऱ्या कोणाची नजर फिरवून घ्यावी, असा लेखी नियम कंपनीत नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर एक जुना प्रोग्रॅम होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढूनही टाकलेला नव्हता. आणि नव्या प्रोग्रॅमला चालू करण्यासाठी जी खूण ठरवली होती, ती नेमकी या जुन्या प्रोग्रॅमला जागं करणारीच खूण होती.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला. गिऱ्हाइकांच्या २१२ ऑर्डर आल्या. आठव्या सर्व्हरवरचा तो जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि खरेदी-विक्री करतच सुटला. किती शेअर झाले हे मोजून थांबायची त्याची सोय मधल्या वर्षांत दुसरीकडे हलवलेली होती, त्यामुळे त्याला थांबणं माहीतच नव्हतं. ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून जास्त व्यवहार, १५४ कंपन्यांचे सुमारे ३९ कोटी ७० लाख शेअर. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. गोंधळात कंपनीच्या माणसांना वाटलं, नव्या प्रोग्रॅममध्येच खोट असणार. म्हणून त्यांनी तो नीट बसवलेल्या सातही सर्व्हरवरून काढून टाकला. आता आठही सर्व्हर जुन्या प्रोग्रॅमवर आले आणि वणवा वाढला.

मला याहून जास्त लागलेली बाब पुढे आहे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१३ मध्ये या प्रकरणी १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला, तेव्हाच्या आदेशात ती नोंदलेली आहे. त्या सकाळी आठ वाजल्यापासून, म्हणजे बाजार उघडायच्या दीड तास आधीपासून, कंपनीची यंत्रणा स्वतःच आपल्या माणसांना ईमेल पाठवत होती. त्या जुन्या प्रोग्रॅमचं नाव घेऊन चूक दाखवणारे ९७ ईमेल गेले. ते 'इशारा' म्हणून आखलेले नव्हते, त्यामुळे कोणी उघडून पाहिले नाहीत. वर्षभरात ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

तर आठ सर्व्हर एकसारखे आहेत का, एवढंच कोणीतरी सकाळी पाहायला हवं होतं. हे पाहतात कसं, ते सांगतो. ऐकायला जड वाटतं, पण कल्पना सोपी आहे.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम नावाचा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक जीन स्पॅफर्ड यांनी 'ट्रिपवायर' नावाचा प्रोग्रॅम तयार केला. संगणकातल्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा गणिताने एक ठसा काढायचा, अंगठ्याच्या ठशासारखा. फाइलमध्ये एखादा स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार निराळा येतो. पहिल्या दिवशीचे ठसे सुरक्षित जागी ठेवायचे आणि रोज रात्री नवे काढून ताडून पाहायचे. जिथे जुळत नाही, तिथे कोणीतरी हात लावलाय. आजची सगळी महागडी सॉफ्टवेअर मुळात असंच काही करतात. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवतात, किंवा बाहेरून परवानगीने आत शिरून सेटिंग्ज वाचून आणतात, आणि मानकाशी ताडतात. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल.

काही ठिकाणी नुसतं पाहत नाहीत, तिथल्या तिथे दुरुस्तही करतात. विंडोजच्या जगात कंपनीने ठरवलेली धोरणं साधारण दर दीड तासाने प्रत्येक संगणक पुन्हा तपासून घेतो. पोरांनी विस्कटलेली चादर आईने येता-जाता नीट करत राहावं, तसं. पण सगळ्याच गोष्टी अशा आपोआप सरळ करता येत नाहीत. चालू कारखान्यात एखादं सेटिंग परस्पर बदललं आणि त्यामुळे उत्पादनाची लाइन थांबली, तर तुमची खैर नाही. म्हणून बऱ्याच गोष्टी फक्त पाहायच्या, लाल दाखवायच्या आणि त्या सर्व्हरच्या धन्याला सांगायचं, "बाबा रे, एवढं नीट कर."

सर्व्हरचा धनी कोण, इथूनच खरी रामायणं सुरू होतात. आमच्या कंपनीत पहिल्यांदा हिशेब तपासायला बाहेरचे लोक आले, तेव्हा त्यांनी साधा प्रश्न विचारला, "तुमचे सर्व्हर किती?" खरेदी विभागाने बिलांवरून एक आकडा दिला. आम्ही आमच्या वहीतून दुसरा दिला. नेटवर्कवाल्यांनी तारेवर कोण कोण बोलतंय ते मोजून तिसराच सांगितला, आणि तो सगळ्यात मोठा होता. म्हणजे कोणाच्याच वहीत नसलेली यंत्रं रात्रंदिवस चालू होती. एक तर जिन्याखाली सापडलं. त्यावर धुळीने माखलेला कागद चिकटवलेला, 'बंद करू नये'. लिहिणारा गृहस्थ नोकरी सोडून गेला होता. बंद केलं तर काय होईल, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आम्ही ते आठ महिने बंद केलं नाही.

यादीत नसलेल्या यंत्राला लाल रंगही मिळत नाही, हे ध्यानात घ्या. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीत २०१७ च्या मार्चमध्ये असंच झालं. एका सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवा, अशी सूचना चारशेहून अधिक लोकांना ईमेलने गेली. मग तपासणीही झाली. पण जिथे भोक होतं, ते त्या तपासणीला सापडलंच नाही. अहवाल निर्दोष आला, आणि पुढे सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली.

पण आता त्याच वर्षीची, आपल्या सगळ्यांच्या कानावर आलेली गोष्ट. वॉनाक्राय. १२ मे २०१७, शुक्रवार. विंडोजमधल्या फाइल-देवघेवीच्या एका जुनाट पद्धतीतलं भोक वापरून हा किडा संगणकामागून संगणक खात सुटला. पडद्यावर लाल खिडकी यायची, तुमच्या फाइली कुलूपबंद आहेत, तीनशे डॉलर द्या. खंडणी बिटकॉइनमध्ये. सगळ्यात दुखावली गेली ती इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा. तिथल्या लेखापरीक्षकांचा अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. तो मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. रुग्णालयं चालवणाऱ्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ना फटका बसला. ६,९१२ रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्याची नोंद आहे, आणि प्रत्यक्षात हा आकडा १९ हजारांवर असावा असा अंदाज. पाच भागांतल्या लोकांना तातडीच्या उपचारांसाठी लांबच्या रुग्णालयात जावं लागलं.

आणि हे भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं! १७ मार्चला आणि पुन्हा २८ एप्रिलला आरोग्यसेवेच्या संगणक यंत्रणेने सगळ्या रुग्णालयांना ते बसवायची सूचनाही धाडली होती. मग अडलं कुठे? सूचना पाळली गेली का, हे पाहण्याची कोणतीही ठरलेली पद्धत आरोग्य खात्याकडे नव्हती. हे त्या अहवालातच लिहिलंय. त्याआधी ८८ ट्रस्टची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. उत्तीर्ण झालेले किती? शून्य. पण नापासांना कोणी काही करायला भाग पाडू शकत नव्हतं.

तुम्ही कोणत्याही कार्यालयात काम केलं असेल, तर हे ओळखीचं वाटेल. परिपत्रक निघालं, आवक-जावक नोंदवहीत क्रमांक पडला, की पाठवणाऱ्याचं काम संपलं. ते पाळलं गेलं का, हे विचारणारा माणूस कोणालाच आवडत नाही. मी तो माणूस होतो, म्हणून अनुभवाने सांगतो.

आणि आता मला माझ्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण इंग्रजांच्या रुग्णालयांवर बोट ठेवून मोकळं होणं बरोबर नाही.

आमच्या विभागात एक तरुण मुलगी होती. सांगलीकडची, अभियांत्रिकी संपवून नुकतीच लागलेली. महिन्याचा अहवाल ती बनवायची. मी तो संचालकांच्या बैठकीत मांडायचो. पहिल्या पानावर एक मोठा आकडा असायचा, शंभरातले किती सर्व्हर नियमात आहेत. साहेब लोक तेवढंच पाहत. सुरुवातीला तो सत्तरच्या आसपास होता, वर्षभर घाम गाळून आम्ही त्याला नव्वदीच्या पुढे नेलं. मग तो हलेना. उरलेले सर्व्हर सगळे अडलेले, जुने, कोणाच्या तरी हट्टाचे.

त्यातला एक कारखान्याच्या वजनकाट्याचा होता. फाटकातून येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक काट्यावर चढणार, वजन त्या सर्व्हरवर नोंदणार, पावती निघणार, मग गेटपास. काट्याचं सॉफ्टवेअर पुरवणारा म्हणायचा, "विंडोजला अपडेट टाकलंत, तर पुढची जबाबदारी आमची नाही." उत्पादनवाले म्हणायचे, "मग टाकूच नका." म्हणून आम्ही त्याला सूट दिली. सूट देण्याची रीतसर पद्धत असते. कारण लिहायचं, मुदत घालायची, वरिष्ठाने सही करायची. मी नव्वद दिवसांची मुदत घातली आणि सही केली. नव्वद दिवसांनी वाढवली. मग पुन्हा. अशी पावणेतीन वर्षं.

एप्रिल २०१७ मध्ये ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मार्चचं अपडेट फार गंभीर दिसतंय. सूट दिलेले सर्व्हर आपण अहवालात हिरवे धरतो. मला वाटतं, ते लालच दाखवावेत. निदान वेगळे तरी." बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी म्हटलं, "अगं, आकडा एकदम खाली गेला तर मला तासभर खुलासा करत बसावं लागेल. या महिन्यात राहू दे." ती "बरं सर" म्हणाली. त्या महिन्याचा अहवाल सत्त्याण्णव टक्के हिरवा होता. मला शाबासकी मिळाली.

शनिवार-रविवार टीव्हीवर वॉनाक्रायच्या बातम्या होत्या. एका तरुण इंग्रज संशोधकाला त्या किड्यातला एक विशिष्ट वेबपत्ता सापडला, त्याने तो स्वतःच्या नावे नोंदवला आणि किड्याचा फैलाव थांबला, हेही आम्ही ऐकलं. किडा आधी त्या पत्त्यावर जाऊन पाहायचा, उत्तर मिळालं तर गप्प बसायचा. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण आमच्या कारखान्याच्या आतल्या नेटवर्कला इंटरनेटचा सरळ रस्ता नव्हता. तो आम्हीच, सुरक्षिततेसाठी, बंद केलेला. त्यामुळे आमच्या आत शिरलेल्या किड्याला त्या पत्त्यावरून उत्तर मिळण्याची सोयच नव्हती. सोमवारी सकाळी यंत्रदुरुस्तीला आलेल्या बाहेरच्या माणसाने आपला लॅपटॉप जोडला. पाऊण तासात वजनकाट्याच्या खोलीतून फोन आला, "साहेब, पडदा लाल झालाय."

बाकीच्या शेकडो यंत्रांना काही झालं नाही, त्यांच्यावर अपडेट होतं. सूट दिलेली सहा यंत्रं गेली. त्यातली पाच कमी महत्त्वाची होती.

मे महिन्याचं ऊन. फाटकाबाहेर पत्र्याच्या कॉइल घेऊन आलेले ट्रक एकामागे एक, हमरस्त्यापर्यंत रांग. काट्यावर एक मामा होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी कपाटातून जुनी पावतीपुस्तकं काढली, काट्याच्या आकड्याच्या पाटीवर पाहून हाताने वजन लिहू लागले, आणि दर चार ट्रकनंतर माझ्याकडे बघायचे. काही बोलत नव्हते. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, गाडी खाली व्हायला संध्याकाळ झाली तर आजची फेरी गेली. फेरीचेच पैसे मिळतात आम्हाला." त्याला मी काय सांगणार? सत्त्याण्णव टक्के हिरवं आहे म्हणून?

काटा दोन दिवसांनी सुरू झाला. अपडेट टाकलं, तर काट्याचं सॉफ्टवेअर मुकाट चाललं. पुरवठादाराची भीती पावणेतीन वर्षं आम्ही खरी धरली, पण एकदाही वेगळ्या यंत्रावर घेऊन तपासून पाहिली नव्हती. चौकशीत संचालकांनी विचारलं, "अहवालात हे हिरवं कसं?" ती मुलगी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. मी सांगितलं, की तिने लाल दाखवा म्हटलं होतं आणि मी नको म्हटलं. हे सांगायला मला जितका वेळ लागला, तितका लागायला नको होता.

त्याच चौकशीत आणखी एक फजिती झाली, लहानशीच, पण सांगण्यासारखी. किडा आधी कुठे शिरला हे शोधायला दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर दुसऱ्या यंत्राला लागण आधी आणि पहिल्याला नंतर, असं दिसेना का! लॅपटॉप जोडण्याच्याही आधी. दिवसभर डोकं खाजवल्यावर कळलं, की दोन्हींच्या घड्याळांत अकरा मिनिटांचा फरक होता. घड्याळाचं सेटिंग आमच्या मानकात होतं, पण 'कमी महत्त्वाचं' या गटात. पुढे केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्यांना संगणकाची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं, नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितल्या आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. घड्याळाचं कलम वाचून अनेक जण हसले होते. मी हसलो नाही.

त्या मे महिन्यानंतर अहवालाचं पहिलं पान बदललं. आकडा गेला दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर सूट दिलेल्या सर्व्हरची यादी आली. सूट कशाची, कधीपासून, कितव्यांदा वाढवली आणि सही कोणाची, तेही नावानिशी. कल्पना तिचीच. पहिल्या महिन्यात त्या पानावर सगळ्यात जास्त वेळा माझं नाव होतं. पुढची बैठक अर्थातच तासभर चालली. पण गंमत अशी, की आपलं नाव छापून येतंय म्हटल्यावर 'अशक्य' असलेल्या कित्येक गोष्टी लोकांनी दोन महिन्यांत करून टाकल्या. काही खरोखरच अशक्य निघाल्या. त्या यंत्रांना आम्ही बाकीच्या नेटवर्कपासून तोडून वेगळं ठेवलं. जिन्याखालचं ते यंत्रही एकदाचं बंद केलं. काहीच झालं नाही. आजपर्यंत कोणी तक्रार केलेली नाही.

मार्च २०२३ मध्ये मी निवृत्त झालो. माझ्या खुर्चीवर आता तीच आहे. शेवटच्या दिवशी हारतुरे, वडा-चहा झाल्यावर ती अहवालाचं पहिलं पान घेऊन आली. त्यावर माझ्या नावाच्या दोन सुटी उरल्या होत्या. म्हणाली, "सर, जायच्या आधी एवढ्या मिटवा, नाहीतर उद्यापासून माझ्या नावावर येतील." एक आम्ही दुपारीच मिटवली. दुसरी पेंटशॉपमधल्या एका यंत्राची होती, ती एका दिवसात सुटण्यासारखी नव्हती. तिने माझं नाव खोडून स्वतःचं लिहिलं आणि पुढे मुदतीची तारीख टाकली. तीस दिवसांची. मी म्हटलं, "नव्वद तरी घाल." ती नुसती हसली, आणि तीसच राहू दिले.